आधी दिवा, मग पाऊल : ज्येष्ठांच्या घरातील बटणे आणि उजेड

घर बांधताना किंवा दिवाळीपूर्वी रंगवताना आपण फरशीच्या नमुन्यासाठी चार दुकाने पालथी घालतो, रंगाच्या छटेवरून घरात वाद होतात. दिव्याचे बटण कोठे बसवावे, हे मात्र आपण बहुधा वायरमनच्या सोयीवर सोडून देतो. त्याला वायर जेथून जवळ पडते तेथे बोर्ड बसतो, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे घरातील माणसे त्या जागेशी जुळवून घेत राहतात. तरुणपणी त्याचे काही वाटत नाही. वयाची सत्तरी गाठल्यावर तोच बोर्ड दाराच्या मागे, पलंगापासून आठ पावलांवर आहे, ही गोष्ट महत्त्वाची ठरते. कारण ती आठ पावले अंधारात चालावी लागतात.

लासलगावसारख्या बाजारपेठेच्या गावात हा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो. जुन्या पेठेतील घरांत पुढे दुकान, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परसात न्हाणीघर व शौचालय अशी लांबट रचना आढळते. मळ्यातील वस्तीवर राहणाऱ्यांच्या घराबाहेर अंगण, कांद्याची चाळ आणि गोठा असतो. नव्या वसाहतींत शौचालय खोलीला लागून आले आहे; तरी ज्येष्ठांची खोली आणि बटणाची जागा यांचा एकत्र विचार तेथेही क्वचितच झालेला दिसतो. घर कोणतेही असो, रात्रीचा पलंग ते शौचालय हा मार्गच ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार लोक पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. खुब्याचे हाड मोडल्यावर अंथरुणास खिळलेल्या वृद्धाला पुन्हा पूर्वीप्रमाणे चालता येईलच असे नसते. दिलासा देणारी बाब अशी की, यातील पुष्कळ प्रसंग टाळता येतात. कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, घरातील धोके शोधून दूर केल्यास पडण्याचे प्रमाण सरासरी 26 टक्क्यांनी आणि अधिक जोखीम असलेल्या ज्येष्ठांमध्ये 38 टक्क्यांनी कमी होते, असे आढळले. अपुरा उजेड हा या धोक्यांपैकी एक आहे.

डोळ्यांत काय बदलते

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि अंधारात ती पूर्वीसारखी मोठी होत नाही. आतील भिंग पिवळसर व दाट होते. परिणामी विशीतील तरुणाच्या तुलनेत साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलापर्यंत सुमारे एक-तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. त्यामुळे आजोबा ‘दिवा मंद आहे’ म्हणतात आणि नातवाला तोच दिवा लख्ख वाटतो, तेव्हा दोघांचेही म्हणणे खरे असते.

याच्या जोडीला आणखी दोन बदल होतात. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावण्यास निरोगी तरुणालाही पूर्णपणे अर्धा तास लागू शकतो. वृद्धांना त्याहून अधिक. तसेच मोतीबिंदू असणाऱ्यांना उघड्या, झगझगीत दिव्याने डोळे दिपतात. म्हणजे ज्येष्ठांना उजेड जास्त हवा, पण तो डोळ्यांवर थेट येणारा नको. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या, की दिव्यांची आणि बटणांची निवड पुष्कळ सोपी होते.

बटण कोठे असावे

पहिला नियम : पलंगावर पडल्या पडल्या हात पोहोचेल अशा अंतरावर एक बटण हवेच. ‘आधी दिवा, मग पाऊल’ ही सवय लागायची असेल, तर दिवा लावण्यासाठी उठावे लागू नये. या बटणाने खोलीतील मुख्य दिवा लागतो की उशाजवळचा, हे दुय्यम आहे. पायाखालची जमीन आणि चप्पल दिसली पाहिजे.

दुसरा नियम : खोलीच्या दाराजवळचे बटण दाराच्या कडीच्या बाजूस असावे. बिजागरीच्या बाजूला बसवलेले बटण दार उघडताच त्यामागे झाकले जाते, आणि ज्येष्ठ व्यक्तीला अंधाऱ्या खोलीत शिरून मागे वळावे लागते. वळताना तोल जाण्याची शक्यता सरळ चालण्यापेक्षा अधिक असते.

तिसरा नियम उंचीचा. आपल्याकडे बोर्ड साधारणतः साडेचार फुटांवर बसवण्याची रीत आहे. खांदा आखडलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या व्यक्तीसाठी तीन ते साडेतीन फूट ही उंची अधिक सोयीची पडते. घरात लहान मुले असतील तर प्लगचे सॉकेट झडपेचे घ्यावे. त्या कारणासाठी बटण वर नेऊ नये.

चौथा नियम शौचालयाचा. बटण बाहेर, दाराशेजारी असावे, म्हणजे ओल्या हाताने ते दाबण्याची वेळ येत नाही आणि आत पाऊल टाकण्यापूर्वीच दिवा लागतो. परसातील शौचालयाचे बटण अनेक घरांत स्वयंपाकघरात असते. ते मागच्या दाराला लागून, उंबरठा ओलांडण्याआधी हाती येईल असे असावे.

दोन बटणे, एक दिवा

जिना, लांब बोळ आणि मोठे माजघर यांसाठी ‘टू-वे’ जोडणीसारखा स्वस्त आणि टिकाऊ उपाय दुसरा नाही. यात एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता आणि बंद करता येतो. जिन्याखाली लावलेला दिवा वर जाऊन बंद करता येतो. दारातून आत येताना लावलेला दिवा पलंगावरून बंद करता येतो. यासाठी टू-वे प्रकारची दोन बटणे आणि त्यांच्यामध्ये जादा वायर लागते. भिंत फोडणे शक्य नसेल, विशेषतः जुन्या माती-विटांच्या भिंतींत, तर भिंतीवरून प्लॅस्टिकची केसिंग पट्टी बसवून हे काम एका दिवसात होते.

एक बारकावा ज्येष्ठांना समजावून सांगावा. आपल्याकडे नेहमीच्या बटणाचा खालचा भाग दाबला की दिवा लागतो, आणि ही सवय हातात मुरलेली असते. टू-वे जोडणीत मात्र बटण वर आहे की खाली, यावरून दिवा लागलेला आहे की नाही हे कळत नाही. लाइट गेलेली असताना बटण वरखाली केले, की नंतर दिवा अवेळी लागू शकतो. ‘बिघाड झाला’ अशी समजूत होऊ नये म्हणून चार दिवस सराव करून घ्यावा.

बटण कसे असावे

जुन्या घरांतील लाकडी बोर्डांवरची काळी गोल बटणे, त्यानंतर आलेली पांढरी पियानो बटणे आणि आताची मॉड्युलर बटणे, या तिन्ही पिढ्या एकाच घरात नांदताना दिसतात. निवड करताना दिखाऊपणापेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात.

बटणाचा दाबण्याचा भाग रुंद असावा. सांधेदुखीने बोटे वाकडी झालेल्या किंवा हात कापणाऱ्या व्यक्तीला लहान बटण बोटाने नेमके दाबणे जमत नाही. रुंद बटण तळहाताने किंवा कोपरानेही दाबता येते. दुकानात बटण हातात घेऊन दाबून पाहावे, आणि शक्य असल्यास ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांनाच दाबायला द्यावे. काही बटणे नवी असताना फार कडक असतात.

दाबताना ‘टक्’ असा आवाज स्पष्ट यावा. तो आवाज निव्वळ सवयीचा भाग नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी 1884 मध्ये झटक्यात तुटणाऱ्या जोडणीचे बटण बनवले. जोडणी हळू तुटली तर मध्ये ठिणगी रेंगाळते आणि बटण जळते, हे त्यामागचे कारण. दृष्टी मंदावलेल्यांना हाच आवाज आणि बोटाला जाणवणारा झटका दिवा लागल्याची खूण देतो. केवळ स्पर्शाने चालणारी सपाट काचेची बटणे दिसायला सुंदर असतात. पण अंधारात त्यांवरचे एक बटण दुसऱ्यापासून हाताने ओळखता येत नाही, आणि ओल्या किंवा सुकलेल्या बोटांना ती नेहमीच दाद देतील असे नाही. ज्येष्ठांच्या खोलीत ती टाळलेली बरी.

पांढऱ्या भिंतीवर पांढरा बोर्ड ही जोडी शोभते, परंतु अधू दृष्टीला ती दिसत नाही. बोर्डाची चौकट गडद घ्यावी किंवा त्याभोवती गडद रंगाची पट्टी चिकटवावी. अनेकजण ‘रेडियम’ची पट्टी लावतात. ती विकत घेताना पाहून घ्यावे : काही पट्ट्या प्रकाश पडला तरच चमकतात, म्हणजे काळोखात त्यांचा उपयोग नाही; काही उजेड साठवून नंतर स्वतः मंद चमकतात, त्या उपयोगी. बारीक लाल दिवा असलेले बटण हा याहून भरवशाचा उपाय होय. अशा बटणावर हलक्या प्रतीचा एलईडी बल्ब बंद असतानाही मंद लुकलुकताना दिसू शकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बटणातील दिव्यामधून जाणारा अत्यल्प प्रवाह त्यास कारण असतो. बल्ब बदलून पाहावा.

एका बोर्डावर आठ-दहा बटणे असतील तर रात्री लागणारे बटण कडेला घ्यावे आणि त्यावर कापसाचा किंवा रबराचा छोटा उंचवटा चिकटवावा. हाताला ते अंधारातही सापडते. लोंबत्या वायरीचे जुने ‘बेड स्विच’ मात्र वापरू नयेत. सततच्या ओढाताणीने त्यांची वायर तुटते, आणि पलंग लोखंडी असेल तर धोका वाढतो.

रात्रीचा उजेड

रात्री पूर्ण दिवा लावला की डोळे दिपतात, झोप मोडते आणि परत अंधार झाल्यावर काहीच दिसत नाही. निळसर-पांढरा उजेड शरीरातील मेलॅटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकास दाबतो. म्हणून रात्रीच्या मार्गावर मंद, पिवळसर किंवा तांबूस दिवा असावा, आणि तो जमिनीपासून फूट-दीड फुटावर असावा. खालून पडणारा उजेड उंबरठा, गोधडीचे टोक, पायरी यांची सावली दाखवतो. छतावरचा मंद दिवा हे काम तितके चांगले करत नाही. थंडीत याची विशेष आठवण ठेवावी. निफाड तालुक्यात पौष-माघात पारा एक आकडी होतो, लघवीसाठी उठण्याच्या फेऱ्या वाढतात, सांधे आखडलेले असतात आणि पायांत रजई गुंतते.

खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. अर्ध्या वॉटचा एलईडी रात्रदिवा रोज दहा तास वर्षभर जळला, तरी वर्षाला दोन युनिटही होत नाहीत. याउलट ज्यास आपण ‘झिरोचा बल्ब’ म्हणत आलो, तो जुना तारेचा बल्ब प्रत्यक्षात सुमारे 15 वॉट वीज घेतो. त्याच हिशेबाने त्याची वर्षाची युनिटे 55 होतात.

दिवसा आणि संध्याकाळी मात्र काटकसर नको. साधारण 9 वॉटचा एलईडी जुन्या 60 वॉटच्या बल्बइतका किंवा थोडा अधिक उजेड देतो. ज्येष्ठांच्या खोलीत एकाऐवजी दोन दिवे, दोन बाजूंना, पांढुरक्या आवरणाआड लावावेत. खोक्यावर 2700 ते 3000 के असा आकडा असल्यास उजेड पिवळसर, 6500 के असल्यास पांढरा. औषधांच्या पट्ट्या वाचण्याच्या जागी पांढरा आणि झोपण्याच्या जागी पिवळसर, अशी विभागणी करावी. पेठेत धूळ आणि कांद्याची फोलपटे उडत असतात. ती आवरणावर साचून उजेड कमी होतो. महिन्यातून एकदा वीज बंद करून कोरड्या फडक्याने पुसण्याचे काम घरातील तरुणाने करावे. स्टुलावर चढून बल्ब बदलण्याचे काम ज्येष्ठांवर कधीही येऊ देऊ नये.

आपोआप लागणारे दिवे आणि मोबाइलवरची बटणे

हालचाल ओळखून लागणारा दिवा बोळ आणि शौचालय यांसाठी खरोखर उपकारक आहे. तो अंगाच्या उष्णतेचा हलता फरक टिपतो. म्हणूनच वैशाखाच्या भर दुपारी, पत्र्याखाली, जेव्हा हवाच शरीराइतकी तापते, तेव्हा तो चुकू शकतो. रात्री ही अडचण येत नाही. घेताना दिवा किती वेळ लागून राहतो ते पाहावे. तीस सेकंदांत विझणारा दिवा शौचालयात स्थिर बसलेल्या वृद्धाला अंधारात सोडतो. ही वेळ पाच-दहा मिनिटांपर्यंत वाढवता येणारे उपकरणच निवडावे.

मोबाइलवरून किंवा आवाजाने चालणारी ‘स्मार्ट’ बटणे आता तालुक्याच्या दुकानांतही मिळू लागली आहेत. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस, तसेच दूरगावी नोकरी करणाऱ्या मुलाला रात्री घरचा दिवा लावून पाहायचा असल्यास, त्यांचा उपयोग आहे. पण तीन अटी पाळाव्यात. भिंतीवरचे हाताचे बटण पूर्ववत चालले पाहिजे. इंटरनेट बंद पडले तरी दिवा लागला पाहिजे. आणि लाइट जाऊन आल्यावर दिवा पूर्वीच्याच स्थितीत राहिला पाहिजे. काही स्मार्ट बल्ब वीज परत येताच पूर्ण तेजाने लागतात. पहाटे तीनला ही गंमत कोणालाच परवडत नाही. अशा अनेक बटणांना बोर्डात न्यूट्रलची वायर लागते. बोर्डात प्लगचे सॉकेट असेल तर ती बहुधा आलेली असते. वायरमनला आधी पाहू द्यावे. उजेड कमी-जास्त करणारे बटण घ्यायचे तर बल्बही ‘डिमेबल’ हवा. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडण्याची युक्ती कोणी सुचवल्यास ती मानू नये.

लाइट गेली तर

भारनियमन असो वा वळवाच्या पावसात तुटलेली तार, अंधार सांगून येत नाही. इन्व्हर्टर असल्यास दूरदर्शन संचापेक्षा ज्येष्ठांची खोली, बोळ आणि शौचालय यांचे दिवे त्यावर आधी घ्यावेत. इन्व्हर्टर नसेल तर आत बॅटरी असलेला बल्ब या तीन ठिकाणी लावावा. वीज गेल्यावर तो स्वतःहून लागून राहतो, मात्र त्यासाठी त्याचे बटण चालू असावे लागते. उशाशी एक बॅटरी कायम ठेवावी, दर अमावास्येला ती तपासावी, म्हणजे तारीख लक्षात राहते. वस्तीवरील ज्येष्ठ शेतकऱ्यांनी रात्रीच्या पाळीत मोटार सुरू करण्यासाठी एकट्याने जाणे टाळावे, आणि अंगणातील दिव्याचे बटण घराच्या आतून लागेल असे घ्यावे.

आजारानुसार विचार

पक्षाघात झालेल्यांसाठी बटण चांगल्या हाताच्या बाजूला हवे. काही रुग्णांना दुर्बल बाजूकडील वस्तूंची जाणीवच राहत नाही. तेथे बसवलेले बटण त्यांच्यासाठी नसल्यासारखेच. कंपवात असणाऱ्यांना रुंद बटण आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पडणारा सारखा उजेड लागतो. स्मृतिभ्रंश असणाऱ्यांची अस्वस्थता तिन्हीसांजेला वाढते आणि लांब सावल्यांमुळे भास होतात. आपल्याकडे दिवेलागणीची जी प्रथा आहे, ती अशा घरांत अर्धा तास अलीकडे आणावी. सूर्य मावळण्यापूर्वीच सर्व दिवे लागलेले असावेत. त्यांच्या घरी ओळखीचे जुने बटण बदलू नये. त्याच जागी, त्याच तऱ्हेचे नवे बसवावे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी दिवा लावल्यावर मिनिट-दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसून मग उठावे, आणि गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

विजेची सुरक्षितता

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्यास तीन प्रश्न विचारावेत. बटण फेजच्या वायरीवर आहे ना? ते न्यूट्रलवर असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज राहते. अर्थिंग ठीक आहे ना? आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे ना? शरीरातून वीज जमिनीत जाऊ लागताच हे उपकरण पुरवठा क्षणार्धात तोडते. त्यावरील ‘टेस्ट’चे बटण दोन-तीन महिन्यांनी दाबून पाहावे. बटणांवर आयएसआय चिन्ह असावे. गरम होणारे, चरचरणारे किंवा जळका वास येणारे बटण त्याच दिवशी बदलावे.

सुरुवात कोठून करावी

सर्व एकदम करण्याची गरज नाही. आज रात्री जेवणानंतर घरातील सर्व दिवे बंद करा, आणि आई-वडिलांच्या सोबत, त्यांचा हात धरून, त्यांच्याच गतीने पलंगापासून शौचालयापर्यंत चाला. हात कोठे चाचपडतो, पाय कोठे थबकतो, ते कागदावर लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात दोन रात्रदिवे आणि उशाशी बॅटरी ठेवा, वाटेतील पायपुसणी व सैल वायरी उचला. पुढच्या पंधरवड्यात उशाजवळचे बटण आणि जिन्याची टू-वे जोडणी करून घ्या. आरसीसीबी आणि अर्थिंगची तपासणी त्याच वायरमनकडून उरकून घ्या. हालचालीवर लागणारे दिवे आणि मोबाइलची बटणे यांचा विचार त्यानंतर करावा.

बटणाची जागा ठरवताना ज्येष्ठांनाच विचारावे. त्यांना त्यांच्या खोलीतील अंधार आपल्यापेक्षा अधिक माहीत आहे.